बाळंतपणानंतरचे खालचे टाके : सुटे घालावेत की सलग?

टाके घालतो तेव्हा जखमेला सूज जेमतेम असते. ती चढते पुढच्या २४ ते ४८ तासांत. टेबलावर अगदी बेताचा वाटलेला टाका दुसऱ्या दिवशी फुगलेल्या मांसात रुतून बसतो. मग बाळंतिणीला बाळाला घेऊन नीट बसताही येत नाही. एका कुशीवर रेलून, दात आवळून ती पाजते. वॉर्डात राउंडला हे रोज दिसते आणि ‘टाके आहेत म्हटल्यावर दुखणारच’ असे म्हणून पुढे जायची सवय लागते. त्यातले बरेचसे दुखणे टाळण्यासारखे असते. जखम नेमकी कुठवर गेली आहे, धागा कोणता घ्यायचा आणि तो सुट्या टाक्यांनी घालायचा की एकाच सलग धावत्या धाग्याने, या तीन निर्णयांवर ते ठरते.

हे टिपण लेबर रूममध्ये नव्याने उभे राहिलेल्या इंटर्न, रेसिडेंट आणि मेडिकल ऑफिसरांसाठी आहे, तसेच टाके घालायचे प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरांसाठीही. नुसते वाचून हे काम येत नाही. पहिली काही वेळा जाणत्या हाताखालीच करायची. पण हातात सुई घेण्याआधी कशासाठी काय करतो हे कळलेले असावे.

आधी बोट, मग सुई

बाळ आणि वार बाहेर आले, गर्भाशय आवळले, रक्तस्राव आटोक्यात आहे, एवढे पाहून घ्या. मग चांगला प्रकाश. छतावरच्या ट्यूबलाइटवर भागवू नका. फिरता दिवा बरोबर जखमेवर आणा. बाईला काय तपासणार आणि का, ते सांगा. गुदद्वारात बोट घालणार हेही आधी सांगा, तिची संमती घ्या, मगच हात लावा.

जखमेच्या डिग्री सगळ्यांना पाठ असतात, पण कागदावर लिहिताना घोळ होतो, म्हणून पुन्हा. पहिल्या डिग्रीत फक्त कातडी किंवा योनीचे अस्तर फाटलेले असते. दुसरीत पेरिनियमचे, म्हणजे योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाचे, स्नायूही फाटतात, पण गुदद्वार आवळणारा स्फिंक्टर शाबूत असतो. एपिझिओटॉमी (बाळ बाहेर यावे म्हणून योनिद्वाराला दिलेला छेद) दिली की जखम दुसऱ्या डिग्रीची होतेच. तिसरीत स्फिंक्टरला इजा असते. बाहेरच्या स्फिंक्टरची निम्म्याहून कमी जाडी फाटली तर ३अ, निम्म्याहून जास्त तर ३ब, आणि आतला स्फिंक्टरही गेला तर ३क. चौथीत त्यापुढचे गुदाशयाचे अस्तरही उघडलेले असते. ही विभागणी ब्रिटनमधले स्त्रीरोगतज्ज्ञ अब्दुल सुलतान यांनी १९९९ मध्ये मांडली. तिचा फायदा असा की ‘थर्ड डिग्री’ एवढेच न लिहिता किती गेले तेही लिहावे लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक टाक्यांची नसते. ती असते तिसऱ्या डिग्रीची जखम दुसरीची समजून शिवून टाकणे. वर कातडी सुबक जुळते, आत स्फिंक्टरची टोके लांबच राहतात, आणि काही महिन्यांनी बाईला वायू किंवा पातळ शौच धरून ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक बाईची गुदद्वारातून तपासणी टाक्यांच्या आधी करायची, अगदी किरकोळ दिसणारी जखम असली तरी. तर्जनी गुदद्वारात, अंगठा जखमेत ठेवून मधले मांस बोटांत गोळी वळल्यासारखे फिरवून पाहायचे. स्फिंक्टर शाबूत असेल तर जाड, गोलसर दोरी हाताला लागते. तुटला असेल तर समोरच्या बाजूला पोकळी जाणवते, कारण तुटलेली टोके दोन्ही बाजूंना मागे सरकून बसतात. गुदद्वाराभोवतीच्या चुण्या समोरून नाहीशा झाल्या असतील तर शंका घ्यायलाच हवी. रंगावरूनही ओळख पटते : बाहेरचा स्फिंक्टर मटणासारखा लाल, आतला माशाच्या कच्च्या मांसासारखा फिकट.

तपासून झाले की हातमोजे बदला.

कधीकधी स्फिंक्टर शाबूत असतो आणि त्याच्या वर योनी व गुदाशय यांच्यामध्ये एक भोक पडलेले असते, काजासारखे. त्याला चौथी डिग्री म्हणत नाहीत. ते बोट घातल्याशिवाय सापडत नाही, आणि राहून गेले तर फिस्टुला, म्हणजे दोन्हींमधली न भरणारी वाट, होतो.

भूल : घाई इथेच होते

आपल्याकडे लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची बाटली बहुधा २ टक्क्यांची येते. तेवढेच सलाइन मिसळून १ टक्का करून घ्या. मग १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. त्यात अॅड्रिनलिन मिसळलेले नसेल तर किलोमागे ४ मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. ४५ किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचे १८ मिलिलिटर ही कमाल झाली. एपिझिओटॉमी देताना आधी दिलेले औषधही याच हिशेबात धरायचे. हे हमखास विसरले जाते.

सुई आत घातल्यावर दर वेळी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहा. योनीच्या अस्तराखाली, स्नायूंत आणि कातडीखाली, दोन्ही बाजूंना औषध पसरवा. मग २ मिनिटे थांबा. घड्याळात बघून थांबा. चिमट्याने कडा हलकेच दाबा; कळ लागली तर आणखी २ मिनिटे. एपिड्युरल (पाठीच्या कण्यात नळीतून दिलेली भूल) चालू असेल तर त्याचाच डोस वाढवून घ्यायचा. ओरडणाऱ्या बाईला ‘झालं, झालं’ म्हणत घातलेले टाके घाईचे असतात आणि घाईचे टाके आवळलेले असतात. तिला भूल नीट लागली की हात आपोआप सावकाश चालतो.

धागा

बऱ्याच ठिकाणी अजूनही क्रोमिक कॅटगट वापरतात. जनावरांच्या आतड्यापासून बनणारा हा धागा शरीर विकरांनी पचवते, आणि त्या पचवण्यात जखमेभोवती दाह होतो. कोरडा पडला की कडक होतो, ओला झाला की फुगतो, म्हणून त्याची गाठ भरवशाची नसते. सिंथेटिक धाग्यापेक्षा कॅटगटने पहिल्या दिवसांतले दुखणे जास्त असते, हे पुरेशा अभ्यासांतून दिसले आहे.

पॉलिग्लॅक्टिन ९१० हा सिंथेटिक धागा पाण्याने विघटित होतो, त्यामुळे दाह कमी. साध्या प्रकारात, म्हणजे नेहमीच्या व्हिक्रिलमध्ये, ३ आठवड्यांनीही निम्मी ताकद शिल्लक असते आणि धागा पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात. पेरिनियमला एवढी गरज नसते. हा भाग रक्ताने समृद्ध आहे, आठ-दहा दिवसांत चांगला धरतो. उरलेला धागा मग टोचतो, खाज सुटते, आणि बाई ‘काहीतरी टोचतंय’ म्हणून परत येते. लवकर विरघळणारा प्रकार, व्हिक्रिल रॅपिड, ५ दिवसांत निम्मी ताकद सोडतो, १० ते १४ दिवसांत सगळी, आणि ४२ दिवसांच्या आसपास नाहीसा होतो. दुसऱ्या डिग्रीच्या जखमेला आणि एपिझिओटॉमीला हाच घ्यावा : २-० जाडीचा, ३५ ते ३६ मिलिमीटरच्या अर्धवर्तुळाकार सुईचा. जाड धाग्याने जखम मजबूत होते हा गैरसमज आहे. जाड धागा म्हणजे मोठी गाठ आणि जास्त परके सामान मांसात.

रॅपिडचे पाकीट महाग पडते, हे खरे. पण सलग पद्धतीत बहुधा एकच पाकीट पुरते, सुट्यात दोन-तीन लागतात. खरेदीचा हिशेब करणाऱ्यांपुढे हे मांडावे.

सुटे टाके : जुनी, तीन थरांची रीत

बहुतेकांनी शिकलेली रीत अशी. योनीचे अस्तर सलग पण अडकवत शिवायचे, म्हणजे प्रत्येक टाक्याचा धागा मागच्या फेऱ्यातून काढायचा, काजाच्या टाक्यासारखा. मग स्नायूंत तीन-चार सुटे टाके, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. शेवटी कातडीला बाहेरून आरपार सुटे टाके.

हिचे गुण आहेत. प्रत्येक टाका स्वतःच्या पायावर उभा असतो, एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. वेड्यावाकड्या फाटीला तुकड्यातुकड्याने जुळवता येते. नवशिक्याला चुकलेला एकच टाका काढून पुन्हा घालता येतो.

पण दोष जिथे दुखते तिथेच आहेत. सुटा टाका म्हणजे बंद कडे. सूज चढली की त्या कड्याला सैल व्हायला वाव नसतो, मांस त्यात आवळले जाते, रक्तपुरवठा कमी होतो. कातडीवरचा आरपार टाका तर संवेदनशील नसांच्या टोकांतून जातो, आणि त्याची गाठ बाई बसते नेमकी तिथे येते. अडकवत घातलेला योनीतला टाकाही तसाच. तो घालायचे कारण ‘योनी आखडू नये’ असे सांगतात, पण तसा काही पुरावा नाही, आणि जास्त आवळला तर कडांचा रक्तपुरवठा मात्र खुंटतो.

सलग धावता टाका

शिवणकामातला धावदोरा डोळ्यासमोर आणा. मधे कुठेही गाठ नाही, कुठेही अडकवणे नाही. सुरुवातीला एक गाठ, शेवटी एक गाठ, दोन्ही योनीच्या आत. सूज आली की ताण एका कड्यावर न पडता सगळ्या धाग्यावर पसरतो. जिथे मांस जास्त फुगते तिथे धागा थोडा सरकून वाव देतो. अडकवत घातला तर हे सरकणेच बंद होते, म्हणून तो अडकवायचा नाही.

या रीतीचा सगळ्यात भक्कम अभ्यास इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. क्रिस्टिन केटल या दाईने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५४२ स्त्रियांवर केलेला हा अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहाव्या दिवशी दुखत असलेल्या स्त्रिया सलग टाक्यांच्या गटात २६.५ टक्के होत्या, सुट्या टाक्यांच्या गटात ४४ टक्के. म्हणजे सहा जणींना सलग टाके घातले तर दहाव्या दिवशी त्यांतली आणखी एक दुखण्यातून सुटते. टाका नंतर काढावा लागण्याचे प्रमाणही सलग गटात ३ टक्के, सुट्यात १२ टक्के. पुढे २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात १६ अभ्यास एकत्र केले, तरी पहिल्या दहा दिवसांपुरता निष्कर्ष तोच राहिला. दीर्घकाळात, शरीरसंबंधाच्या वेळच्या दुखण्यात, दोन्ही रीतींत मोठा फरक दिसला नाही. पण बाळाला अंगावर पाजायची घडी बसते ती याच पहिल्या दहा दिवसांत, त्यामुळे हा फरक लहान समजू नये.

आता प्रत्यक्ष कृती. योनीत शेपटी असलेला टॅम्पन किंवा टेप लावलेला मोठा गॉज सरकवा आणि शेपटीला आर्टरी फोर्सेप्स लावून ती चादरीला अडकवा, म्हणजे वरून येणारे रक्त जखमेवर ओघळत नाही आणि गॉज आत विसरत नाही. गॉज, सुया मोजून फळ्यावर लिहा. सुई होल्डरमध्ये टोकापासून दोन तृतीयांश अंतरावर पकडा. शेपटाजवळ पकडली तर ती वाकते.

जखमेचा योनीतला वरचा कोपरा शोधा. दिसत नसेल तर डाव्या हाताची दोन बोटे आत घालून खाली दाबा, तो उघडतो. पहिला टाका त्या कोपऱ्याच्या १ सेंटिमीटर वर घ्यायचा. फाटलेल्या रक्तवाहिन्या कोपऱ्याच्या वर मांसात मागे सरकून बसलेल्या असतात; कोपऱ्यावरच टाका घेतला तर त्या तशाच राहतात आणि आत रक्त साठते. गाठ मारा, आखूड शेपूट ठेवून कापा.

तिथून खाली योनीचे अस्तर शिवत या. टाक्यांत साधारण १ सेंटिमीटर अंतर. दर वेळी सुईचे टोक जखमेच्या तळाशी डोळ्याला दिसले पाहिजे, आणि मगच दुसऱ्या कडेत शिरले पाहिजे. एकाच झोक्यात आरपार सुई मारली की ती तळाखालून गुदाशयात कधी गेली ते कळत नाही. धागा ओढताना दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या की थांबा. टाका टेकवायचा, आवळायचा नाही. कडेचा रंग पांढरा पडला किंवा मांसाला खळी पडली तर धागा जास्त ओढला गेला आहे. तिथल्या तिथे सैल करा. धागा धरणाऱ्या सिस्टरलाही सांगून ठेवा, कारण मदत म्हणून त्या धागा ताणून धरतात आणि सैल राहावा म्हणून घातलेला टाका त्यांच्या हातात घट्ट होतो.

योनिद्वाराशी असलेल्या हायमेनच्या झालरीपाशी आलात की क्षणभर थांबा. झालरीची दोन्ही टोके समोरासमोर आली का पाहा. पुढचे सगळे या एका खुणेवर अवलंबून आहे. इथे अर्धा सेंटिमीटर चुकले तर खाली कातडीला पायरी पडते, आणि मग कातडीच्या टाक्यांनी ती ओढूनताणून बसवावी लागते. तिरप्या एपिझिओटॉमीत हे जास्त होते, कारण दोन्ही बाजूंचे मांस सारखे मागे सरकत नाही. जुळले असेल तर सुई झालरीच्या मागून, अस्तराखालून पेरिनियमच्या जखमेत बाहेर काढा. गाठ मारायची नाही, धागा तोच.

आता स्नायू. हा थर सगळ्यात महत्त्वाचा, कारण योनिद्वाराचा आधार यात आहे. योनिद्वाराभोवतीच्या बल्बोस्पॉन्जिओसस स्नायूची टोके वर, लेबियाच्या (योनीच्या ओठांच्या) दिशेने मागे सरकलेली असतात, ती शोधून टाक्यात घ्यावी लागतात. ती सुटली तर कातडी कितीही सुंदर जुळली तरी योनिद्वार उघडे राहते. वरून खाली धावते टाके घालत या, पुरेसे खोल, म्हणजे तळाशी पोकळी राहणार नाही. जखम खोल असेल तर स्नायूंचे दोन थर करा. पोकळी राहिली की तिथे रक्त साठते, आणि साठलेल्या रक्तात पू व्हायला वेळ लागत नाही.

खालच्या टोकाला पोचलात की दिशा बदला. तोच धागा घेऊन कातडीच्या खालच्या थरात, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, समोरासमोर टाके घेत वर चढा. हे टाके कातडीच्या अगदी खाली नकोत. थोडे खोल, चरबीच्या थरात ठेवा. नवीन हाताला इथे मोह होतो. कातडी रेषेसारखी जुळावी म्हणून सुई वर वर येते, आणि नसांच्या जाळ्यात धागा अडकतो. कातडीच्या कडांत एखाद-दोन मिलिमीटरची फट दिसली तरी चालेल. पाय खाली घेतल्यावर ती मिटते. फोर्शेटपाशी (योनिद्वाराच्या खालच्या कडेपाशी) आलात की सुई पुन्हा योनीत, हायमेनच्या मागे काढा आणि तिथे शेवटची गाठ मारा. अॅबर्डीन गाठ इथे सोयीची : फासातून फास असे तीन वेळा ओढायचे, शेवटी सुईकडचे टोक फासातून पूर्ण काढून घट्ट करायचे. गाठ लहान होते आणि आतच राहते.

मग सुटे टाके कधीच नकोत का?

हवेत. ताऱ्यासारखी चार दिशांना फाटलेली जखम, चेचल्यासारख्या कडा, उसवलेली जखम पुन्हा शिवताना, किंवा मांस इतके मऊ की धागा ओढला की कापत जातो, अशा ठिकाणी सुटा टाका शहाणपणाचा. सलग टाक्याचे एक भय नेहमी सांगितले जाते की धागा एका जागी तुटला तर सगळी जखम उघडेल. होल्डरने धागा मधेच पकडला, चुरगळला तर तो तुटतो. म्हणून होल्डर फक्त सुईला लावायचा. शिवताना तुटलाच तर तिथे गाठ मारून नवा धागा सुरू करायचा, आधीचे उसवायची गरज नाही.

आणि ज्याचा हात सुट्या टाक्यांवर बसलेला आहे त्याने रात्री तीन वाजता, एकट्याने, पहिल्यांदाच सलग टाका करून पाहू नये. मॉडेलवर किंवा फोमच्या तुकड्यावर शिकून घ्यावा, मग सीनियरच्या देखरेखीत. तोवर सुटेच घालायचे असतील तर निदान योनीतला टाका अडकवू नका, स्नायूंचे टाके सैल ठेवा आणि कातडीला आरपारऐवजी खालून सलग टाका घाला.

कातडी शिवायचीच का?

इंग्लंडमधल्या इप्सविच इथे झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योनी आणि स्नायू शिवून कातडी तशीच जवळ ठेवली, टाका घातला नाही. कडा काही दिवस उघड्या दिसल्या, पण ३ महिन्यांनी शरीरसंबंधाच्या वेळचे दुखणे कमी होते. स्नायूंचा थर नीट बसून कातडीच्या कडा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आल्या असतील, रक्त येत नसेल, तर हा पर्याय धरण्यासारखा आहे. बाईला आधी सांगायला मात्र हवे, नाहीतर आरशात उघडी कड पाहून ती घाबरते. पहिल्या डिग्रीची जखम कडा जुळलेल्या आणि कोरडी असेल तर तिलाही टाका नको. स्नायू फाटलेले असतील तर ते शिवायलाच हवेत, त्यात पर्याय नाही.

एका गोष्टीवर स्पष्ट बोलायला हवे. फोर्शेटला ‘एक टाका जास्त’ घालून योनिद्वार अरुंद करायचा प्रकार अजून कानावर येतो, कधी नातेवाइकांच्या तोंडून, कधी टेबलाशी थट्टेत. त्याने वर कातडीचा पूल तयार होतो आणि बाईला प्रत्येक संबंधाला कळ लागते. जखम होती तशी जुळवणे एवढेच आपले काम आहे.

तिसरी आणि चौथी डिग्री

ही लेबर रूमच्या टेबलावर करायची गोष्ट नाही. ऑपरेशन थिएटर, स्पायनल किंवा पूर्ण भूल, आणि हे काम येणारा माणूस. स्नायू पूर्ण सैल झाल्याशिवाय मागे सरकलेली टोके ओढून आणता येत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तर योनीत पॅक घाला, रक्त थांबवा, सलाइन लावा आणि पाठवा. पॅक घातल्याचे चिठ्ठीवर ठळक लिहा.

गुदाशयाचे अस्तर ३-० पॉलिग्लॅक्टिनने, सलग किंवा सुटे, कसेही. तिथे पीडीएस हा दुसरा सिंथेटिक धागा नको, तो फार सावकाश विरघळतो. आतला स्फिंक्टर वेगळा ओळखून वेगळाच शिवायचा, सुट्या किंवा मॅट्रेस टाक्यांनी, एकावर एक न चढवता. बाहेरच्या स्फिंक्टरला ३-० पीडीएस किंवा २-० पॉलिग्लॅक्टिन. तो पूर्ण तुटला असेल तर टोकाला टोक जोडा किंवा एकावर एक चढवा, दोन्ही मान्य आहे. चढवून शिवलेल्यांत वर्षभरापर्यंत शौचाची घाई थोडी कमी दिसली, ३ वर्षांनी फरक उरला नाही. अर्धवट तुटला असेल तर टोकाला टोकच, कारण चढवायचे तर शाबूत भाग कापावा लागतो. आठच्या आकाराचे टाके टाळा, ते मांसाचा रक्तपुरवठा तोडतात. गाठी वरच्या स्नायूंखाली पुरा, म्हणजे त्या कातडीतून वर येत नाहीत. नंतर अँटिबायोटिक, शौच मऊ ठेवणारे औषध, आणि ६ ते १२ आठवड्यांनी तपासणी. नीट शिवलेल्यांपैकी ६० ते ८० टक्के स्त्रियांना वर्षाअखेर काही त्रास उरत नाही.

टाके झाल्यावर, टेबल सोडण्याआधी

गुदद्वारात पुन्हा बोट घाला. धागा लागला तर तो टाका काढायलाच हवा, ‘विरघळेल’ म्हणून सोडायचा नाही. त्या वाटेने फिस्टुला होतो. योनीत दोन बोटे सहज जातात का पाहा. टॅम्पन काढा, गॉज आणि सुया मोजा. दमा, किडनीचा त्रास, वाढलेला रक्तदाब, जास्त रक्तस्राव यांपैकी काही नसेल तर डायक्लोफिनॅकची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी गुदद्वारात ठेवा. पहिली रात्र बरी जाते.

पुढच्या काही तासांत बाई ‘शौचाला लागल्यासारखं वाटतंय, फार दुखतंय’ म्हणाली आणि नाडी वाढलेली असली, तर बाहेर रक्त दिसो न दिसो, आत हिमाटोमा (मांसात साठलेले रक्त) धरून तपासा. वेदनेची गोळी देऊन पाठ फिरवू नका. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वास, पू, ताप, वाढते दुखणे असेल तर जंतुसंसर्ग. उसवलेली लहान जखम स्वच्छ ठेवली की आतून भरत येते. मोठी असेल तर आधी संसर्ग जायला हवा, मग पुन्हा टाके. अंगात रक्त कमी असलेल्या बाईची जखम रेंगाळते, म्हणून हिमोग्लोबिन पाहून लोहाच्या गोळ्या चालू ठेवा.

घरी पाठवताना

पहिले २४ तास बर्फ कापडात गुंडाळून, एका वेळी १० ते १५ मिनिटे. लघवी-शौचानंतर साध्या पाण्याने पुढून मागे धुणे आणि टिपून कोरडे करणे. पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन, हळद काही नको. पॅड दर ४ तासांनी बदलायचे.

आपल्या घरांत बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी द्यायची रीत आहे. सासू-आईशी वाद न घालता एवढे सांगा की अंगाला, कमरेला शेक चालेल, टाक्यांना धुरी नको. सुजलेल्या भागाला चटका बसला तरी वेळेवर कळत नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची समजूत मात्र मोडायलाच हवी. पाणी कमी, डिंकाचे लाडू भरपूर आणि भाजी नाही, असे झाले की शौच कडक होते, आणि कुंथण्याचा ताण थेट टाक्यांवर येतो. पाणी, ताक, पालेभाजी, लागल्यास रात्री शौच मऊ करणारे लॅक्ट्युलोज.

आशाताई घरी येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचे वजन झाले की बाळंतिणीला बसताना कसे वाटते तेही त्यांनी विचारावे, एवढे सांगून ठेवा.

केसपेपरवर जखमेची डिग्री, स्फिंक्टर तपासल्याची नोंद, धागा, रीत, आणि टाक्यांनंतरच्या गुदद्वार तपासणीचा निकाल लिहा. सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली की ‘टाके कसे आहेत?’ एवढ्यावर थांबू नका. त्याला ‘ठीक’ हेच उत्तर मिळते. खोलीत इतर कोणी नसताना, साध्या शब्दांत विचारा : वायू धरता येतो का, शौचाला लागल्यावर धावत जावे लागते का, कपड्यांना डाग लागतो का, संबंधाच्या वेळी दुखते का. हे ती आपणहून कुणालाही सांगत नाही.